मार्गदर्शकाची पारख



एका वाचक भगिनींच्या कन्येस अमेरिकेतील दोन विद्यापीठांत संगणकशास्त्राच्या पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला आहे. एका ठिकाणी कीर्तिवंत प्राध्यापक व त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा मोठा मेळा. दुसरीकडे नुकतेच रुजू झालेले तरुण प्राध्यापक. घरातील वडीलधाऱ्यांचा कल मोठ्या नावाकडे आहे. तेथील बहुतेक विद्यापीठांच्या प्रथेप्रमाणे १५ एप्रिलपर्यंत होकार कळवावयाचा आहे. असा प्रश्न आज अनेक घरांत उभा राहतो, म्हणून उत्तर येथे देत आहे.

प्रथम व्यवहार पाहू. एम.एस.चा खर्च बहुधा घरातून होतो. पीएच.डी.मध्ये मात्र शुल्क माफ होऊन विद्यावेतन मिळते. ते अध्यापनसाहाय्याबद्दल असते किंवा प्राध्यापकांना मिळालेल्या संशोधन-अनुदानातून येते. म्हणजे भांडवल पैशाचे नसून ऐन तारुण्यातील पाच-सहा वर्षांचे असते. शिवाय मार्गदर्शक हेच गुरू, तेच अनेकदा वेतनदाते आणि पुढे शिफारसपत्र देणारेही तेच. एवढे सर्व एका व्यक्तीच्या हाती सोपविताना चौकशी करण्यात संकोच नसावा.

कार्नेगी मेलन विद्यापीठात विद्यार्थी आधी विभागात प्रवेश घेतात. आरंभी प्राध्यापक आपापले काम त्यांच्यापुढे मांडतात, भेटीगाठी होतात आणि मग परस्परांची निवड होते. तेथे या पद्धतीला थट्टेने ‘विवाह’च म्हणतात! स्थळ पाहताना आपण जी दक्षता घेतो, ती येथेही हवी.

आपल्याकडे आचार्यांच्या परंपरेची पट्टावली असते. प्राध्यापकांचीही अशी पट्टावली पाहावी. डीबीएलपी या संगणकशास्त्रीय सूचीत कोणाचेही शोधनिबंध विनामूल्य पाहता येतात. या शास्त्रात नियतकालिकांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व परिषदांतील निबंधांना असते. त्यांत विद्यार्थ्यांची नावे प्रथम येतात का, हे पाहावे. सैद्धांतिक शाखेत नावे बहुधा वर्णानुक्रमाने येतात, तेथे ही कसोटी लागू नाही. जुने विद्यार्थी किती वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले व आज कोठे आहेत, हेही तपासावे.

बँकेत कर्जाची शिफारस करताना आम्ही ताळेबंद वाचत असू; परंतु त्या व्यापाऱ्याला माल देणाऱ्या पेढ्यांकडेही विचारणा करीत असू. येथे त्या पेढ्या म्हणजे आजी-माजी विद्यार्थी. त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलावे. अप्रिय गोष्ट लेखी कोणी सहसा देत नाही. ‘सर कसे आहेत?’ या प्रश्नाला ‘चांगले आहेत’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी विचारावे: आठवड्यातून किती वेळा भेट होते? निबंधाचा मसुदा किती दिवसांत वाचून मिळतो? अनुदान संपले तर वेतनाचे काय होते? मध्येच सोडून कोणी गेले का, आणि का? शेवटच्या प्रश्नानंतरची स्तब्धताही लक्षपूर्वक ऐकावी.

आता मूळ प्रश्न. अनेकान्ताची दृष्टी ठेवली तर दोन्ही पक्षांत सत्यांश आहे. कीर्तिवंतांचे शिफारसपत्र वजनदार असते, पण त्यांचा वेळ अनेकांत वाटला जातो. तरुण प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या बरोबरीने कामाला बसतात. मात्र साधारण सहाव्या वर्षी त्यांच्या कायम नियुक्तीचा निर्णय होतो व तो प्रतिकूल गेल्यास विद्यापीठ सोडावे लागते. म्हणून विभागात त्याच विषयाचे दुसरे प्राध्यापक आहेत ना, याची खात्री करावी. ते असतील आणि मुलीला प्रारंभी हात धरून शिकविणारे हवे असतील, तर मी तरुण प्राध्यापकांच्या बाजूने कौल देईन. ती स्वतंत्रपणे वाट काढणारी असेल, तर पहिले ठिकाण योग्य. हे तिच्याइतके कोणी जाणत नाही. म्हणून अंतिम निर्णय तिचाच असावा.

पालकांना एक विनंती. मार्गदर्शक बदलण्याची सोय बहुतेक विभागांत असते. अनेक ठिकाणी मास्टर्स पदवी घेऊन सन्मानाने बाहेरही पडता येते. मुलाने वा मुलीने तसे सुचविल्यास ‘समाज काय म्हणेल’ हे वाक्य उच्चारू नये. भगवतीसूत्रात गौतम गणधर एकामागून एक प्रश्न विचारतात आणि भगवान महावीर प्रत्येकाचे उत्तर देतात. ज्यांच्यापुढे निर्भयपणे प्रश्न विचारता येतो, तेच खरे मार्गदर्शक. घरातील वडीलधाऱ्यांनाही हीच कसोटी लागू आहे.