हवेच्या पिशव्या आणि मोठ्या आईची पाठ



मागच्या वेळी इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल लिहिलं, तेव्हा काही जणांचा निरोप आला की आता गाडीवर काहीतरी येऊ द्या. विषय शोधावा लागला नाही, तो लांजीहून स्वतःच चालून आला. आमचे मोठे चुलत भाऊ, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, त्यांनी एक जुनी पण चकचकीत जर्मन सेडान घेतली. नागपूरच्या एका डॉक्टरांची होती, फार चाललेली नव्हती. भाताच्या मिलवाल्याने अशी गाडी घ्यावी का, यावर घरात आधीच बरंच बोलून झालं आहे, त्यात मी पडत नाही. प्रश्न पुढचा होता. दादांना त्या गाडीला बाहेरून एअर सस्पेन्शन बसवून घ्यायचं होतं, आणि पुण्यात मी इंजिनिअर असल्यामुळे चौकशीचं काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरचा इंजिनिअर आहे हे गावाकडे कुणी फारसं मनावर घेत नाही.

दादांचं कारण खोटं नव्हतं. मोठ्या आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय आणि दर दोन-तीन महिन्यांनी तिला नागपूरला दाखवायला न्यावं लागतं. लांजीहून आमगाव, मग पुढे महामार्ग, असा एकूण पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरचा पल्ला. महामार्गाला लागेपर्यंतचा तुकडा सगळ्यात वाईट, कारण त्यात गावं आहेत आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी ब्रेकर आहे. पाच माणसं बसली की ही लांब गाडी त्यावर पोट घासते. एकदा चेंबर घासलं तेव्हा आवाज असा आला की मोठी आई म्हणाली, "बाबू, याच्यापेक्षा आपली जुनी जीपच बरी होती." तेवढ्यात कुणीतरी दादांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. बटण दाबलं की गाडी उंटासारखी वर उठते, दुसरं दाबलं की खाली बसते. दादा तिथेच फिदा झाले.

हे एअर सस्पेन्शन आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. २००१ मध्ये व्होल्वोची बी७आर बस भारतात आली आणि रात्रीच्या प्रवासात पाठ न मोडता झोप लागते हे लोकांना पहिल्यांदा कळलं, ते या हवेच्या स्प्रिंगांमुळेच. ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झालेली नागपूर–बिलासपूर वंदे भारत गोंदियाला थांबते, तिच्या डब्यांखालीही हवेच्याच स्प्रिंगा आहेत. ज्यांनी गोंदियाहून ती पकडली असेल त्यांनी फरक अनुभवला असेल. मोठ्या आईला दवाखान्यासाठी मात्र ती जमत नाही. दुपारी नागपूरला पोचते आणि लगेच उलटी फिरते, त्यामुळे त्याच दिवशी दाखवून परतणं होत नाही.

मोटारीतही कल्पना जुनीच. कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रोअममध्ये ती दिली होती. त्या गाड्या जिथे तिथे हवा सोडू लागल्या आणि कित्येक मालकांनी नंतर त्या पिशव्या काढून साध्या लोखंडी स्प्रिंगा बसवल्या. म्हणजे दादांना जे करायचं होतं त्याच्या बरोबर उलटं. मर्सिडीजने १९६१ च्या ३०० एसईमध्ये ती दिली, आणि १९९८ च्या एस-क्लासमध्ये एअरमॅटिक नावाने पुन्हा आणली. पण ते सगळं कारखान्यातून बसून आलेलं. बाहेरून बसवणं हा वेगळा मामला आहे.

काम कसं चालतं ते दादांना समजवायला मला जास्त वेळ लागला नाही, कारण मिलमध्ये सॉर्टेक्स मशीन आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तांदळाचे दाणे कॅमेऱ्यासमोरून पडतात, काळा किंवा पिवळा दाणा दिसला की एक बारीक व्हॉल्व्ह उघडतो आणि हवेचा झोत तेवढाच दाणा बाजूला उडवतो. त्यासाठी कॉम्प्रेसर, टाकी, ड्रायर, पाइप आणि व्हॉल्व्ह लागतात. एअर सस्पेन्शनमध्ये हेच सगळं असतं, फक्त झोताच्या जागी रबरी पिशव्या. दादांचं म्हणणं होतं, "हवेचंच काम आहे ना? मिलमध्ये दिवसभर मी हवाच त सांभाळतो."

हिशेब ढोबळ मानाने असा. अशी गाडी माणसांसकट अठराशे किलोच्या आसपास धरा, म्हणजे एका चाकावर साडेचारशे किलो. पिशवीचा व्यास बारा सेंटीमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण ११३ चौरस सेंटीमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटीमीटरला चार किलो, म्हणजे ५७ पीएसआय. टायरमध्ये आपण तेहतीस-पस्तीस भरतो. एवढी हवा पिशवीत असेल तर गाडी नेहमीच्या उंचीवर तरंगते, थोडी जास्त सोडली की चार-पाच सेंटीमीटर वर उठते. माणसं वाढली की दाबही वाढवता येतो, त्यामुळे पाच जण बसले तरी मागून खाली दबत नाही. लोखंडी स्प्रिंगला हे जमत नाही, वजन आलं की ती दबणारच.

मग दादा पुण्याला आले. एका गॅरेजमध्ये त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीवर काम चाललं होतं, तिथे आम्ही शनिवारचा जवळजवळ सगळा दिवस घालवला. गाडी लिफ्टवर, चारही चाकं उतरवलेली. पुढची स्प्रिंग शॉकअपसकट बाहेर काढली, तिच्या जागी पिशवी बसवलेला नवा शॉकअप घातला. मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, तिथे स्प्रिंगच्या जागी पिशवी आणि तिला वर-खाली धरायला कंसासारखे तुकडे. मग प्रत्येक चाकापासून डिकीपर्यंत बोटाएवढी जाड नळी. ही नळी सायलेन्सरच्या पाइपजवळून नेली तर वितळते, पत्र्याच्या कडेला घासली तर कापते, म्हणून मिस्त्री दर वीतभर अंतरावर ती बांधत होता. कॉम्प्रेसरला बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज. प्रत्येक कोपऱ्यात उंची मोजणारा सेन्सर. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडा आला की पुन्हा उघडा. रात्रभर हवा भरून गाडी तशीच ठेवायची आणि सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजायची. आणि मग व्हील अलाइनमेंट, कारण उंची बदलली की चाकांचा तिरपेपणा बदलतो आणि टायर एका बाजूने खाल्ला जातो. मिस्त्री हुशार होता. असं काम मन लावून करणारा माणूस पाहायला मला नेहमीच आवडतं.

तिथेच दादांनी विचारलं, टाकी आणि कॉम्प्रेसर कुठे ठेवणार? उत्तर मिळालं, स्टेपनीच्या खड्ड्यात. आणि स्टेपनी? ती घरी ठेवा, पंक्चरचा स्प्रे ठेवा. दादा काही बोलले नाहीत, पण मला त्यांचा चेहरा दिसला. रात्री बाघ नदीच्या अलीकडे टायर फुटला आणि मागच्या सीटवर मणक्याचं ऑपरेशन झालेली बाई असेल, तर स्प्रेने काय होणार?

खरी अडचण दादांना माझ्याआधी कळली होती, मिलमुळे. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं. सॉर्टेक्सच्या कॉम्प्रेसरची टाकी रोज सकाळी खालचा नळ उघडून रिकामी करावी लागते आणि पावसाळ्यात त्यातून पाणी निघतं. ते ओलं व्हॉल्व्हपर्यंत गेलं की मशीन चांगला दाणाही फेकायला लागते. गाडीत ड्रायर असतो, त्यात ओल शोषणारे दाणे असतात, ते भरले की बदलावे लागतात. बदलले नाहीत तर ओल व्हॉल्व्हमध्ये जाते, बारीक गळती सुरू होते, गळती भरून काढायला कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो आणि शेवटी जळतो. म्हणजे पाच-सहाशे रुपयांच्या रबरी सीलमुळे पाऊण लाखाचा कॉम्प्रेसर. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट, त्यात मिलच्या आवारातला कोंडा आणि भुसा. पिशवी गळली तर गाडी त्या कोपऱ्यात बसते आणि चाकाच्या कमानीत टायर घासतो. लांजीत पाटे भरणारा मिस्त्री मिळेल, याचा मिळणार नाही. गाडी ट्रकवर टाकून नागपूर किंवा रायपूर.

माझ्या धंद्यातली एक शंका मला वेगळी सतावत होती. या गाडीत घसरण सांभाळणारी यंत्रणा आहे, वळणावर गाडी कलंडू नये म्हणून ती एकेक चाक पकडते. तिचे सगळे आकडे कारखान्यात ठराविक उंचीसाठी ठरवलेले आहेत. आपण नवी हवेची पेटी बसवली, तर या दोन पेट्या एकमेकींशी बोलत नाहीत. गाडी पाच सेंटीमीटर वर उचललेली आहे हे जुन्या पेटीला ठाऊकच नसतं. ब्रेकरवर हळू जाताना काही बिघडत नाही. पण कुणी तशीच उंच ठेवून महामार्गावर शंभराने पळवली तर? दादा नसतील पळवत, पण त्यांचा मुलगा एकोणीसचा आहे.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किटला मंजुरीची वाट आहे, तशी याला गॅरेजवाला दाखवू शकला नाही. "आरसीवर स्प्रिंग कुठे लिहिलेली असते? कोणी विचारत नाही," असं तो म्हणाला. विचारत नसतीलही. पण दादांची गाडी एमपी ५० आणि रोजचा रस्ता महाराष्ट्रातला, त्यामुळे त्यांना आमगाव ते नागपूर कुठेतरी कोणीतरी थांबवतंच. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी विचारणार, आणि तिला न सांगितलेला बदल म्हणजे दावा अडवायला आयतं कारण. गाडी प्रदर्शनात उभी करणाऱ्यांनी हे सगळं जरूर करावं, मला तो छंद वाईट वाटत नाही. घरातल्या आजारी माणसाला नेण्याच्या गाडीला मी हे बसवणार नाही, असं मी दादांना स्पष्ट सांगितलं. किट आणि मजुरी मिळून साडेतीन लाखांच्या वर जात होतं, आणि धान खरेदीच्या दिवसांत मिलवाल्याला ती रक्कम म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

दादांनी लगेच मान्य केलं असं नाही. परतीच्या रात्री उशिरापर्यंत ते किटचे फोटो पाहत होते.

दरम्यान मी फोनवर मोठ्या आईला विचारलं की तुला नेमका त्रास कशाचा होतो, कारण हे कुणीच विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "बसल्यावर काही नाही रे. आत बसाले लागलं का मले असं वाटते मी विहिरीतच उतरून राहिली. अन् निंघताना दोघं जण ओढतात." म्हणजे त्रास सीटच्या उंचीचा होता. गादीवाल्याकडून सीटवर ठेवायची घट्ट, सपाट गादी करून घेतली. दारावरच्या स्टिकरवर कंपनीने मान्य केलेलं जाड टायरचं माप होतं, जुन्या मालकाने शोभेसाठी पातळ टायर टाकले होते. ते बदलले. लोअर आर्मचे फाटलेले बुश आणि मागचे दोन्ही शॉकअप कंपनीचेच नवे टाकले. पंच्याण्णव हजार लागले. गाडी थोडी उंच झाली आणि बरीच शांत झाली.

राहिले ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. तीन मीटर व्हीलबेसची गाडी त्याच्या बरोबर मधोमध आली तर पुढची-मागची चाकंही उतारावरच असतात, आणि पोटाखालून फक्त साडेसहा सेंटीमीटर उंची खाल्ली जाते. भरलेल्या सेडानचं पोट जमिनीपासून तेरा-चौदा सेंटीमीटर असलं तरी ती आरामात निघते. म्हणजे मापाच्या ब्रेकरवर ही गाडी घासायलाच नको. गेल्या महिन्यात लांजीला गेलो तेव्हा टेप घेऊन दादांबरोबर फिरलो. देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा अकरा सेंटीमीटर निघाला, बरा रुंद होता. आमगावच्या वाटेवरचे दोन चौदाच्या आसपास. सगळ्यात वाईट निघाला तो सतरा सेंटीमीटरचा, रुंदी एक मीटरही नाही, सरळ उभी वरवंट्यासारखी पट्टी. गाडी दर वेळी पहिल्यांदा घासायची ती इथेच.

तो आमच्या मिलच्या फाटकासमोर आहे. भाताचे ट्रॅक्टर जोरात येतात म्हणून चार वर्षांपूर्वी गोडाऊनच्या उरलेल्या काँक्रीटचा दादांनीच घालून घेतला होता. त्यांनी टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिलमधल्या पोराला हाक मारून घण आणायला सांगितलं.