म्हातारीला काम लावतात म्हणे!

इथे आपण सगळे आपापल्या गल्लीच्या, शाळेच्या, जुन्या घरांच्या आठवणी लिहितो. मी आज माझ्या कामाच्या आठवणी लिहितेय, आणि त्यात एक मत पण आहे. मत जरा तिखट लागेल. आपल्या चांगल्या, शिकलेल्या, आईवडिलांवर माया करणाऱ्या घरांतली म्हातारी माणसं आजाराने जेवढी अंथरुणाला खिळतात, जवळजवळ तेवढीच आपल्या सेवेने खिळतात. बेळगाव-निपाणी भागात 32 वर्षं घरोघरी फिरून माझं हे मत झालंय.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणतात, आणि त्या शब्दाने फार घोळ करून ठेवलाय. निपाणीत एका घरी म्हाताऱ्या तात्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मॅडम, पोराला धंदा काढून देताय काय?" इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जे जे करतो ते सगळं. दात घासणं, आंघोळ, भाकरी थापणं, पूजा, हिशेब, नातवाची वेणी घालणं. गुडघा किती वाकतो ते फिजिओ बघतात. तो वाकलेला गुडघा घेऊन माणूस परड्यातल्या संडासापर्यंत जाऊन एकटा परत येतो का, ते मी बघते. दोघांचं एकमेकांशिवाय चालत नाही.

ही विद्या आपल्याकडे आणली एका बाईने. जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इकडे आल्या आणि कमला निंबकर झाल्या. 1950 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. हॉस्पिटलात त्यांनी या विषयाची शाळा काढली, आशियातली पहिली. 1952 मध्ये भारतातल्या थेरपिस्टांची संघटना उभी राहिली, आणि त्याच साली जागतिक संघटना स्थापन करणाऱ्या दहा देशांत भारत होता. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन, ती पुष्कळांना माहीत असते. पण त्यांनी नेमकं काय केलं हे विचारलं तर आपली मराठी माणसं गप्प. असो.

मुद्द्यावर येते. खासबागेतली एक आज्जी, वय 71. अंगावरून वारं गेलेलं, डावी बाजू. उजवा हात एकदम धड. मी गेले तेव्हा सूनबाई चमच्याने भरवत होत्या. मी विचारलं, "उजवा हात चांगला आहे की, मग भरवताय कशाला?" तर म्हणाल्या, "सांडतंय ओ. आणि रोज कोण ना कोण बघायला येतंय. त्यांच्यासमोर बरं दिसत नाही."

या "बरं दिसत नाही"मध्ये सगळं आलं.

दोन मुलगे पुण्याला. त्यांनी दवाखान्यात असतो तसला डोकं वर करायचा पलंग पाठवलेला, रात्रीसाठी डायपर पाठवलेले. डायपर आधी रात्रीपुरतेच होते, पडू नये म्हणून. मग दुपारच्या झोपेला. मग दिवसभर. कुणी वाईट वागत नव्हतं, उलट गल्लीत त्या घराचं कौतुकच चाललेलं. आणि दोन महिन्यांत आज्जींचे चांगले पायसुद्धा उभं राहायचं विसरले. ज्या स्नायूला काम नाही तो आटतो, माणसाच्या मनाचंही तसंच होतं.

आज्जी आधी काय करायच्या म्हणून विचारलं. वाती. अख्ख्या गल्लीला देवाच्या वाती पुरवायच्या. मग तेच धरलं. पाटावर कापूस, त्यावर डावा हात वजनासारखा ठेवायचा, हलला नाही तरी चालेल, आणि उजव्या तळव्याने वळायचं. पहिल्या दिवशी तीन वाती झाल्या, त्याही शेवयांसारख्या. पण त्या वळायला आज्जी पलंगावरून उतरून खुर्चीत बसल्या, अर्धा तास, पाठ टेकल्याशिवाय. नुसता "बसायचा व्यायाम करा" म्हटलं असतं तर पाच मिनिटं बसल्या नसत्या.

आठवड्याने गेले तर कापूस कपाटात. शेजारच्या काकू म्हणून गेलेल्या, "वारं गेलेल्या म्हातारीलासुद्धा काम लावतात म्हणे या घरात." सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी. त्यांना मी काय सांगणार? त्या काकू पुन्हा आल्या तेव्हा आज्जींनीच जड जिभेने ऐकवलं, "मला काम लावणारी ही कोण? मीच लावलंय हिला, कापूस आणायला." त्यानंतर त्या घरात माझं काम सोपं झालं.

मंडळी, मुली-सुना कष्ट करतात हे मला दिसतं, मी पण सून आहे. पण माणूस मटार सोलू शकत असेल तर त्याच्या हातातून मटार काढून घेणं ही सेवा नाही. आणि शेजाऱ्यांनो, आजाऱ्याला बघायला जाता तेव्हा घरचे काय काम लावतात ते मोजू नका. जमलं तर तुमच्याही चार शेंगा सोलायला घेऊन जावा.

आता निपाणीचं. निपाणी म्हणजे तंबाखू. वखारी, विड्या, आणि विड्या वळणाऱ्या हजारो बायका. यांच्यासाठी कायदा झाला 1966 मध्ये, कल्याण निधीचा कायदा 1976 मध्ये, पण हात मात्र स्वतःचेच झिजवायचे. दिवसाला हजार विडीचा हिशेब. मान खाली, सूप मांडीवर, पाय दुमडलेले. वर्षानुवर्षांनी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट इतकं गुळगुळीत होतं की रेशनच्या मशीनवर ठसा उमटत नाही. आयुष्यभर ज्या हाताने घर चालवलं त्या हाताला मशीन ओळखत नाही.

अशाच एका मावशींचा उजवा हात वाऱ्याने गेला. दवाखान्यातून स्पंजचा चेंडू दिलेला, दाबायला. तो उशीखाली पडून. "चेंडू दाबत बसाय मी काय पोरगी हाय?" खरंच आहे. मी त्यांच्याकडचीच पानं, कापायचा पत्रा आणि दोरा मागवला. तंबाखूच्या जागी जाडा रवा. (मुंग्या लागल्या, घरात सगळ्यांनी मला शिव्या घातल्या.) बोटांना सांगावं लागलं नाही. पान दुमडायची ती बारीक हालचाल, जी चेंडूने महिनाभरात आली नव्हती, ती सुपासमोर बसल्यावर तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागली. तिथून ब्लाउजचे हुक, मग कपाळाची टिकली, मग भाताचा घास.

त्यांनी परत विड्या वळाव्यात असं मला अजिबात वाटत नव्हतं, तंबाखूची ती धूळ छातीत जाते. हे मी त्यांना सांगितलंही. पण हाताला जी वाट पाठ आहे त्याच वाटेने हात परत येतो. त्या वाटेवर लिहिलेलं आपल्याला आवडो की न आवडो.

भाषेचंही असंच आहे, आणि हे आपल्या सीमाभागात फार लागतं. म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायची एक चाचणी आहे, अमेरिकेत 1975 मध्ये तयार झालेली, आता सगळीकडे वापरतात. आजची तारीख, वार, ऋतू विचारतात. मग विचारतात, आपण आत्ता कुठल्या राज्यात आहोत?

हसलात ना? बेळगावच्या दक्षिणेकडच्या एका गावातले आजोबा, 82 वर्षांचे, अडतीचा धंदा केलेले. ते शाळेत असताना बेळगाव मुंबई राज्यात होतं. 1956 ला एका रात्रीत राज्य बदललं, तेव्हापासून मोर्चे, काळा दिवस, सगळं केलेले. येळ्ळूरच्या फलकाचं 2014 मध्ये काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे. आजोबांनी ठणकावून सांगितलं, "महाराष्ट्रात." तरुण डॉक्टरने शून्य लिहिलं. पुढे शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. आजोबा तोंडी हिशेबाचे, झरझर म्हणाले, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर." पोरगा बागलकोटकडचा, मराठी जेमतेम. एकोणऐंशी त्याला ऐंशी वाटलं. तिथेही गुण गेले. त्या पोराचा दोष नाही, कन्नडमध्ये एकोणऐंशीला आपल्यासारखा वळसा नाही, सरळ सत्तर-नऊ. पण कागदावर आजोबांना मोठा विसराळूपणा लागला, आणि घरात शेताच्या सह्यांची कुजबुज सुरू झाली.

मी त्यांना प्रश्न विचारले नाहीत. चहा करायला लावला. गॅस पेटवला, आलं किसलं, गॅस बंद केला, मला आधी दिला. आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायला दिल्या, लाइटबिल वाचून किती आणि कधीपर्यंत भरायचं ते विचारलं. विसरत होते, नाही असं नाही. गुळाच्या सौद्याची एकच गोष्ट दोनदा सांगितली. पण स्वतःचं शेत कुठलं आणि सही कशावर करायची, हे त्यांना पक्कं कळत होतं. मी तसा अहवाल लिहिला, इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. होय, मी कन्नड लिहायला शिकले, आणि माझ्या हाताखालच्या मराठी मुलींना पण शिकायला लावते. तशी कन्नड मुलींना मराठी अंक शिकायला लावते, एकोणवीसपासून एकोणनव्वदपर्यंत. आजारी माणसाशी त्याच्या भाषेत बोलणं हा उपचाराचा भाग आहे. सीमाप्रश्न कोर्टात 2004 पासून आहे. म्हाताऱ्यांना तेवढा वेळ नाही.

2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने आपल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तेव्हा इकडच्या सरकारने विरोध केला. केवढा गदारोळ. दोन्हीकडचे पुढारी तावातावाने बोलत होते, पण भांडण सगळं ऑपरेशनच्या खर्चावर. खुब्याचं ऑपरेशन कोल्हापुरात होवो की बेळगावात, आठ-दहा दिवसांत माणूस घरी येतो. घरी वीतभर उंच उंबरा, अंधारी मोरी आणि उकिडवं बसायचा संडास. डॉक्टरांनी सांगितलेलं, उकिडवं बसायचं नाही. मग कसं बसायचं? ते कुठल्याच योजनेत नाही. आपल्या पुढाऱ्यांना याबद्दल कुणी प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही, आणि त्यात आपण मतदार पण आलो.

शिबिरात व्हीलचेअर वाटतात, फोटो निघतात. खुर्ची घरी जाते आणि माजघराच्या दारात अडते, कारण चौकट दोन फुटांची आणि खुर्ची सव्वादोन. अशा खुर्चीवर पापड वाळत घातलेले मी पाहिलेत. कोल्हापूर आपल्याला जवळ, निपाणीला तर बेळगावपेक्षा जवळ. तिथे नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. त्यांचं "चाकाची खुर्ची" घरातल्या तरुण मुलांना वाचायला द्या. खुर्ची देणं आणि खुर्चीतून जगता येणं यातलं अंतर कळेल.

2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, कार्ड देशभर चालणारं आलं, पण पेन्शन शेवटी ज्या त्या राज्याची. कर्नाटकात एक गोष्ट मात्र चांगली आहे आणि आपल्या लोकांना ती माहीत नसते. ग्रामपंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता असतो, व्हीआरडब्ल्यू म्हणतात, बहुतेक वेळा तो स्वतः अपंग असतो. तालुक्याला त्यांच्या वरचा एक. मानधन तुटपुंजं. फॉर्म भरून घेण्यापलीकडे त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं, पण घरं त्यांना माहीत असतात. माझ्यासारख्या एका बाईने आयुष्यभर फिरून जेवढी घरं होतात, त्याच्या कितीतरी पट या लोकांकडून होतील, त्यांना रीतसर शिकवलं तर. यासाठी निवेदन द्यायला मला मराठी-कन्नड दोन्ही बाजूंचे लोक हवेत. माझं आता असं झालंय की मोजपट्टी माझ्या पिशवीत आणि जिना चढायला पोरी पुढे. सीनियर म्हणजे एवढंच.

तोवर घरात करता येण्यासारखं एक सांगते, पुष्कळजण विचारतात म्हणून. मोरीत आणि संडासात धरायला दांडी बसवा. फॅब्रिकेशनवाला करून देतो. माणूस चप्पल घालून सरळ उभा राहिला की मनगट जिथे येतं तेवढी उंची, आणि बाजू त्याच्या धड हाताची. नुसत्या टाइलमध्ये स्क्रू मारू देऊ नका, विटेपर्यंत गेला पाहिजे. बसवल्यावर आधी तुम्ही स्वतः लटकून बघा.