परसबागेतील नोंदींचे मोल

घरामागच्या बागेत रात्री दिवा लावून त्यावर येणारे पतंग मोजायचे आणि सकाळी त्याच बागेतील पक्ष्यांची टिपणे ठेवायची, हा अनेकांना रिकामपणचा उद्योग वाटेल. इंग्लंडमध्ये मात्र मार्च महिना लागला, की अनेक घरांतून हा उद्योग नेमाने सुरू होतो. तेथील ‘गार्डन मॉथ स्कीम’मध्ये मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत आठवड्यातून एक रात्र प्रकाशसापळा लावतात, सकाळी पतंगांची जात व संख्या लिहून घेऊन ते झुडपांत सोडून देतात. १९९५ साली सुरू झालेल्या ‘गार्डन बर्डवॉच’मध्ये पक्ष्यांची नोंदही अशीच आठवड्यागणिक होते. मार्चच्या थंडीत सापळा कित्येकदा रिकामा निघतो. तेव्हा वहीत शून्य लिहिले जाते. त्या शून्यालाही किंमत असते.

ही किंमत कळण्यास काळ जावा लागतो. रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन संस्थेने १९६८ मध्ये ब्रिटनभर प्रकाशसापळ्यांचे जाळे उभे केले. त्यातील नोंदींवरून असे दिसून आले, की १९६८ ते २०१७ या काळात मोठ्या पतंगांची संख्या ३३ टक्क्यांनी घटली. ही घट वर्षाला सरासरी एक टक्क्याहूनही कमी भरते. एवढा फरक कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. तो केवळ हिशेबातच उमटतो.

पतंग आणि पक्षी यांचा हिशेब एकमेकांपासून वेगळा काढता येत नाही, ही गोष्टही अशा नोंदींनीच दाखवून दिली. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात १९४७ पासून ‘ग्रेट टिट’ या पक्ष्याच्या घरट्यांची पाहणी चालू आहे. ओकच्या पालवीवर वाढणाऱ्या पतंगांच्या अळ्यांवर हे पक्षी आपली पिले पोसतात. वसंत लवकर येऊ लागला, तशा अळ्याही लवकर होऊ लागल्या, आणि १९६०च्या दशकाच्या तुलनेत या पक्ष्यांचा अंडी घालण्याचा काळ सुमारे दोन आठवड्यांनी अलीकडे आला. हवामानबदलाचा हा पुरावा ज्या वह्यांतून मिळाला, त्यांत प्रामुख्याने तारखाच होत्या.

आपल्याकडे अशा नोंदींअभावी स्मरणावर भिस्त ठेवली जाते, आणि स्मरण हा कच्चा साक्षीदार होय. ‘चिमण्या नाहीशा झाल्या’ हे विधान शहरांत सर्रास ऐकू येते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने मात्र चिमणीची देशभरातील संख्या एकंदरीत स्थिर असून घट मोठ्या शहरांत दिसते, असा निष्कर्ष काढला. २०२३च्या अहवालामागे ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी होत्या. देशात २०१३ पासून दर फेब्रुवारीत होणाऱ्या पक्षिगणनेतही परसातले, गच्चीवरचे निरीक्षण स्वीकारले जाते. पतंगांचा मात्र असा दीर्घकाळचा राष्ट्रीय हिशेब आपल्यापाशी नाही. आरंभीची शिल्लकच लिहिलेली नसेल, तर तूट किती आली हे कोणत्याही हिशेबनिसाला सांगता येणार नाही.

म्हणून पळस-पांगारा फुलण्याच्या दिवसांत शाळा-महाविद्यालयांनी आणि घराघरांनीही हे काम हाती घ्यावयास हवे. त्यासाठी ओसरीवरचा दिवा, एक पांढरी चादर, वही आणि ठरलेला वार पुरे होतो. फाल्गुनात पतंग कमी येतील, पावसाळ्यात पुष्कळ. दोन्ही सारख्याच निष्ठेने लिहिले पाहिजेत. नाव न ओळखले तर छायाचित्र काढून ठेवावे, अंदाजाने नाव ठोकून देऊ नये.

तथापि, या कामाला गुण जोडण्याचा मोह शिक्षणखात्याने टाळलेला बरा. सक्ती आली, की आकडे घरी बसून भरले जातात, आणि खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा अधिक घातक असते. एका बागेची दहा वर्षांची प्रामाणिक वही, तीत शून्ये कितीही असोत, पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेल. ती आज सुरू केली, तरच दहा वर्षांनी हाती असेल.