पंचांगातली तारीख आणि गोठा



नाताळ हा मुळात रोमन सूर्योत्सव, ख्रिस्ती लोकांनी फक्त पाटी बदलली, असे गेल्या अंकातील पत्रलेखक ठोकून देतात. प्रकरण इतके सोपे नाही. ऑरेलियन सम्राटाने 274 मध्ये सूर्यदेवाचे मंदिर उभारले हे खरे. पण 25 डिसेंबरच्या सूर्य-जन्मोत्सवाची स्पष्ट नोंद सापडते ती 354 च्या रोमन संकलनात, आणि त्याच संकलनात त्याच तारखेला ख्रिस्तजन्माचीही नोंद आहे. मग कोणी कोणाचे उचलले? मरियेला गर्भधारणा 25 मार्चला झाली असे मानून पुढे नऊ महिने मोजले, असेही काही अभ्यासक मांडतात. बायबल तारीख देतच नाही. आर्मेनियन चर्च ख्रिस्तजन्म 6 जानेवारीला साजरा करते, आणि त्यामुळे कोणाची श्रद्धा अडत नाही.

एवढी शाई तारखेवर खर्च झाल्यावर गोठ्याला जागा उरणार कुठून? 1223 मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली, गवत आणवले, जिवंत बैल आणि गाढव उभे केले. (शुभवर्तमानातील जन्मकथेत हे दोघे नाहीत, पण असोत बिचारे.) उतरायला जागा न मिळालेल्या जोडप्याच्या पोटी देव माणूस झाला, हा आमच्या सणाचा गाभा. गोव्यात गोठ्यासाठी आधीच नाचणी पेरून ठेवतात. कोवळ्या हिरव्या कोंबांतच मग मेंढपाळांच्या मूर्ती उभ्या राहतात.

बाकी सजवलेले झाड जर्मनीतून आले आणि गुबगुबीत सांताक्लॉजला बाजाराने डोक्यावर घेतले. त्यांच्यावर टीका करायची असेल, तर पत्राखाली माझीही सही घ्यावी.

– एक ख्रिस्ती वाचक