दुसरीचा वर्ग आणि नव्या बाई

डी.एड.ला हल्ली डी.एल.एड. म्हणतात, आपल्या वस्तीत मात्र ते अजून डी.एड.च आहे. बारावीनंतरचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आमच्या शेजारची एक मुलगी करीत आहे. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील सफाई खात्यात. यंदा तिला सराव पाठांसाठी महापालिकेच्या एका शाळेत पाठविले आणि वाट्याला आला दुसरीचा वर्ग. पटावर बत्तीस मुले. संध्याकाळी विहारातील अभ्यासिकेत ती पाठाचे टाचण लिहीत बसते, आणि शेजारच्या टेबलावर आम्ही मंडळाचा जमाखर्च लिहितो. त्यामुळे त्या वर्गाची हकीकत आम्हांस रोजच्या रोज कळते. ती आमच्या माता-भगिनींच्या कानावर घालावी असे वाटले, कारण त्या बत्तिसांत बरीचशी लेकरे आपल्याच वस्त्यांमधली आहेत.

पहिल्या पाठाची तिने तीन दिवस तयारी केली होती. टाचणात मिनिटामिनिटाचा हिशेब मांडला होता, तक्ते रंगविले होते. प्रत्यक्षात चौथ्या मिनिटाला एकाला लघवी लागली आणि त्याच्या मागोमाग सहा जणांना लागली. एकीची पेन्सिल शेजारणीने घेतली, तिने भोकाड पसरले. मागचे दोघे बाकाखाली शिरले. “शांत बसा!” म्हणून नव्या बाई ओरडल्या. वर्ग गप्प झाला, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा भाजीबाजार सुरू! शनिवारपर्यंत पोरीचा घसा पार बसला. “काका, हे काम माझं नाही. मी नाव काढून घेते,” असे म्हणून ती टाचणवही मिटून बसली.

आम्ही पडलो कारकून. आमच्या फायली जागच्या जागी पडून राहतात, त्यांना लघवी लागत नाही. आम्ही काय सांगणार? परंतु त्या वर्गाच्या मूळ बाई, ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे, त्यांनी तिला सोमवारी जवळ बसवून घेतले. त्या म्हणाल्या, “तू आवाज चढवलास की त्यांचाही चढतो. सात वर्षांचं पोर नुसतं ऐकत किती वेळ बसेल? त्याच्या हाताला काहीतरी काम दे. आणि आधी नावं पाठ कर. ‘ए मुला’ म्हटल्यावर कोणीच वळून बघत नाही.”

दोन दिवसांत तिने बत्तीस नावे पाठ केली. पुठ्ठ्याचा एक बिल्ला करून दोरीने दाराला टांगला. तो ज्याच्या गळ्यात असेल त्यानेच बाहेर जायचे, तो परत आला की दुसऱ्याने. रांगेने बाहेर जाणे त्या दिवसापासून थांबले. सूचना एका वेळी एकच द्यायची. आधी ती “वही काढा, तारीख घाला, आणि फळ्यावरचं लिहा” असे एका दमात सांगत असे, आणि निम्मी मुले तारखेपाशीच अडकत. आता गोंगाट वाढला की ती बोलणे थांबवते आणि तीन टाळ्या वाजवते. मुले तीन टाळ्या परत देतात. टाळी वाजविताना दोन्ही हात गुंतलेले असतात, शेजाऱ्याला चिमटा काढता येत नाही!

तिच्या अध्यापक विद्यालयाच्या ग्रंथालयात तिला गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ मिळाले. गुजरातमधील गिजुभाई आधी वकिली करीत, पुढे बालशिक्षणाकडे वळले. या पुस्तकातील शिक्षक पहिल्याच दिवशी मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि साफ फसतो. मग तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा कुठे वर्ग जागेवर बसतो. हे वाचून पोरीला धीर आला. जवळपास नव्वद वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही मुले अशीच होती म्हणायची.

छडीचा मोह होत नाही असे नाही. पालकच दारात येऊन सांगतात, “बाई, ऐकत नसेल तर दोन ठेवून द्या.” आपली माणसे हे प्रेमाने बोलतात, पण ते चूकच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे तर सोडाच, मानसिक त्रास देण्यासही मनाई केली आहे. हा कायदा २०१० पासून लागू आहे. आणि मार खाऊन गप्प बसलेले पोर शिकत असते असे आम्हांस तरी कधी दिसले नाही.

मग आले गणित. “एकवीस लिहा” म्हटल्यावर आठ-नऊ मुलांनी १२ लिहिले. नव्या बाईंना वाटले, मुले ‘ढ’ आहेत. तसे नव्हते. आपण ‘एकवीस’ म्हणताना एक आधी उच्चारतो नि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी, एक नंतर. कानाने ऐकलेले पोराने इमानेइतबारे कागदावर उतरविले, त्यात त्याचा काय दोष? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गहजब झाला होता! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी तिचे कारण समजावून सांगितले, तरी थट्टा थांबली नाही. थट्टा करणाऱ्यांपैकी दुसरीच्या वर्गात किती जण बसले होते कोण जाणे. आमच्या पोरीने चिंचोके आणले. दहा-दहांच्या पुरचुंड्या बांधायला मुलांनाच लावले. दोन पुरचुंड्या आणि एक सुटा चिंचोका. तो तास कधी संपला ते वर्गाला कळले नाही, आणि त्या दिवशी टाळी वाजवावी लागली नाही.

पण आमच्या मनात घर करून राहिली ती दारापाशी बसणारी मुलगी. तिचे फळ्याकडे लक्षच नसे, सारखी बाहेर बघायची. नव्या बाईंनी तिला उचलून पुढच्या बाकावर बसविले, तर ती हमसून हमसून रडू लागली. दोन दिवस हाच प्रकार. शेवटी खिचडीच्या सुट्टीत बाई तिच्या शेजारी जेवायला बसल्या, तेव्हा उलगडा झाला. समोरच्या खोलीतील अंगणवाडीत तिचा अडीच वर्षांचा भाऊ असतो. आई सकाळी कामावर जाते ती दिवे लागणीला परतते. “त्याच्याकडं ध्यान ठेव” असे आईने बजावलेले, आणि ती सात वर्षांची पोर आपली नोकरी बजावत होती.

वर्गात कोणी कुठे बसायचे, ही गोष्ट आपल्या समाजाला साधी नाही. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या तरटावर वेगळे बसावे लागे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेव्हा कोणाला कुठे बसवायचे हे ठरविण्याआधी त्या मुलाला विचारणारी बाई आम्हांस मोलाची वाटते. तिने त्या मुलीला खिडकीलगतच्या दुसऱ्या बाकावर बसविले. तेथून फळाही दिसतो आणि भाऊही. अंगणवाडीच्या ताईंशीही बोलून ठेवले. आठवडाभरात मुलगी वाचू लागली. ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते म्हणून मुले हसली, तेव्हा बाईंनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, एक घरचा, एक पुस्तकातला. मग प्रत्येकाला आपापल्या घरचे शब्द सांगायला लावले. फळा पुरला नाही.

“डी.एड. करून नोकरी कुठे आहे?” असे वस्तीत तिला येता-जाता विचारतात. प्रश्न रास्त आहे. पुढे पात्रता परीक्षा आहे, मग भरतीची वाट पाहणे आहे. पण नाव काढून घेण्याची भाषा आता तिच्या तोंडी नाही. पुढील आठवड्यात तिच्या प्राध्यापिका पाठ पाहायला येणार आहेत. विषय आहे हातच्याची बेरीज. बत्तीस मुलांना प्रत्येकी पन्नास म्हणजे सोळाशे चिंचोके हवेत, आणि तिच्याजवळ जमले आहेत सहाशे. ज्या घरी चिंच फोडली असेल त्यांनी चिंचोके धुऊन, वाळवून रविवारच्या वंदनेला येताना विहारात आणून द्यावेत.