सराव फक्त त्या मुलानेच का करायचा?

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी 'व्हर्च्युअल रिॲलिटी थेरपी' आली म्हणून कौतुक चाललं आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा; आत रस्ता, बस, दुकान दिसतं. मूल रस्ता ओलांडायचा, सुटे पैसे मोजायचा सराव करतं. चुकलं तरी गाडीखाली येत नाही, कुणी हसत नाही. हे उपयोगाचं आहे. यंत्राला विरोध हे गांधीवादाचं काम, आपलं नव्हे. बाबासाहेबांनी १९४५ सालीच त्याचा समाचार घेतला आहे.

पण खऱ्या दुकानात दुकानदार या मुलाला हाकलणार असेल, तर सराव नेमका कुणाला हवा? चवदार तळ्यावर आपण पाणी पिण्याचा सराव करायला गेलो नव्हतो.

ज्याच्या नावाने ही अवस्था ओळखली जाते त्या जॉन लँग्डन डाउनने १८६६ मध्ये चेहरेपट्टी बघून या माणसांना 'मंगोलियन' वंशाच्या कप्प्यात टाकलं. जन्मावरून पायरी ठरवणं आपल्याला काही नवं नाही. १९५९ मध्ये खरं कारण कळलं, २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत. तरी तो शब्द जागतिक आरोग्य संघटनेने सोडला १९६५ मध्ये, तोही मंगोलियाने हरकत घेतल्यावर. आणि आपल्या वस्तीत? 'येडं', 'मागच्या जन्माचं पाप'. पूर्वजन्म नाकारून धम्म घेतलेल्या घरांतही हे ऐकू येतं. लाज वाटली पाहिजे.

यातल्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो. तो वेळेत सापडला तर बहुतेकदा शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. म्हणून तर २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचं नाव आहे, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र ठरवलं आहे. रोज बुडवून आई तिथे पोचली आणि स्पीच थेरपिस्टची खुर्चीच रिकामी असली, तर शहरातल्या महागड्या क्लिनिकमधला हेडसेट तिच्या काय कामाचा? (हेडसेट मिळालाच तर आधी डॉक्टरांना विचारा. या मुलांच्या मानेचे वरचे सांधे सैल असू शकतात.)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तरुण मित्रांनो, आपल्या वस्तीतली अशी किती मुलं शाळेत जातात ते घरोघर जाऊन मोजा. जिल्हा केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, याचा माहिती अधिकारात अर्ज टाका. उत्तर आलं की मोर्चाची तारीख ठरवू.

जय भीम!