झिजेचा हिशेब

आपला माल उत्तम आहे, असे प्रत्येक कारखानदार सांगतो. 1907 साली इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइसचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन तेवढ्यावर थांबले नाहीत. ‘सिल्व्हर घोस्ट’ ही चंदेरी रंगाची गाडी त्यांनी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षणाखाली 15,000 मैल धावविली. त्यातील बहुतांश धाव लंडन-ग्लासगो मार्गावरची. नंतर क्लबच्या तंत्रज्ञांनी ती संपूर्ण उघडून झीज तपासली. आपली वही अशी परक्या तपासनिसापुढे ठेवण्याची तयारी आज किती पेढ्यांची असेल?

झीज अत्यल्प निघाली. गाडी पुन्हा नव्यासारखी करण्याचा खर्च 2 पौंड 2 शिलिंग 7 पेन्स इतकाच आला. त्या किरकोळ यादीत स्टिअरिंगच्या सांध्यांचाही समावेश होता.

यात नवल नाही. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाशी पोलादी गोळा असतो आणि तो वाटीसारख्या खोबणीत फिरतो. चाकाला बसलेला रस्त्याचा प्रत्येक धक्का या सांध्यापर्यंत पोहोचतो. सांधा झिजला की हातातील चक्र थोडे फिरते, पण पुढची चाके जागची हलत नाहीत. हा ढिलेपणा नेमका कोठे आहे, हे शोधण्यास दोन माणसे लागत. एकाने चक्र हलकेच डावी-उजवीकडे हलवावयाचे, दुसऱ्याने गाडीखाली एकेका सांध्यावर बोटे ठेवावयाची. ज्या सांध्याचा एक भाग हलतो आणि दुसरा क्षणभर मागे राहतो, दोष तेथे.

खोबणीचे टोपण आवळले की हा ढिलेपणा जातो. खरी कसोटी स्टिअरिंगच्या पेटीतील मळसूत्राची. गाडी बहुतेक काळ सरळ चालते, म्हणून मळसूत्र मधोमध अधिक झिजते. तेथील सारी ढिलाई काढण्याच्या हव्यासाने ते आवळले, तर पूर्ण वळणाच्या वेळी, जेथे झीज झालेलीच नसते तेथे, चक्र अडकते. नेमक्या अवघड वळणावर! जाणता कारागीर म्हणूनच मध्ये किंचित सैलपणा राहू देतो. ग्राहकाला तो कामचुकारपणा वाटतो, हे त्या कारागिराचे दुर्दैव.

शेवटी पुढच्या दोन चाकांमधील अंतर मोजावयाचे. ते पुढच्या बाजूस मागच्यापेक्षा किंचित कमी हवे. प्रथम पुढे, धावेवर खडूची खूण करून माप घ्यावे. मग गाडी ढकलून चाके अर्धा फेरा फिरवावी आणि मागे आलेल्या त्याच खुणांवर पुन्हा मोजावे, म्हणजे वाकड्या धावेने माप चुकत नाही.